भरिताचे दिवस आणि कुद्समधलं घर

बाजारात हिरवी वांगी आली की जळगावच्या माणसाचं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही. दिवाळी उलटते, सकाळी स्कूटर एका किकमध्ये चालू होईनाशी होते, पिंप्राळ्याच्या बाजारात पोत्यांवर पांढुरक्या रेघांची, पंज्यात न मावणारी वांगी मांडलेली दिसतात, आणि कोणीही कोणालाही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय मग, भरीत कधी?" मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्यानंतर. पुण्यामुंबईची मंडळी जांभळं वांगं गॅसवर धरतात आणि त्याला भरीत म्हणतात. म्हणोत बापडी. आम्ही वाद घालत नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

यंदाही वांगी आली. परवा मी पिशवी भरून आणली, ओट्यावर ओतली आणि सवयीने जिन्याकडे तोंड करून हाक मारायला गेले, "समीर, आली रे वांगी!" हाक तोंडातच राहिली. वरच्या खोलीत आता आमच्या जुन्या गाद्या आणि कूलर असतो. समीर जाऊन काही हिवाळे झाले, पण जिभेला हे कोण सांगणार?

समीर आमचा भाडेकरू. पॅलेस्टिनी, जेरुसलेमचा. तो मात्र गावाचं नाव अल-कुद्स असंच सांगायचा. केळीच्या रोगांवर संशोधन करायला जळगावला आला आणि चार ठिकाणी नकार ऐकून आमच्या दारात उभा राहिला. तो इथे बरीच वर्षं होता, तरी मला राहून राहून त्याचा इथला शेवटचा हिवाळाच आठवतो. त्या हिवाळ्यात त्याला ठरवायचं होतं, इथे राहायचं की परत जायचं. आणि ही काही साधी नोकरीची घालमेल नव्हती. त्याच्या गावचा कायदा असा, की तिथला माणूस फार काळ बाहेर राहिला तर तिथे राहण्याचा त्याचा हक्कच काढून घेतला जाऊ शकतो. पाहुणा म्हणून जायचं तरी परवानगी मागायची. जिथे आपण जन्मलो, त्या गावात.

मी भूगोल शिकवते. इतकी वर्षं नकाशात त्या शहराजवळ एक तुटक रेघ दाखवून मुलांना सांगत आले, की तुटक रेघ म्हणजे वादातली, अजून न ठरलेली हद्द. एकदा समीरसमोर ॲटलास उघडा होता. तो वाकून बघत राहिला आणि मग त्याने रेघेच्या जरा उजवीकडे नख टेकवलं. म्हणाला, "ताई, इथे आमची गच्ची. आई इथे कपडे वाळत घालते." पुढच्या वर्षी वर्गात तो धडा आला तेव्हा मला त्या नकाशात दोरीवरचे कपडे दिसायला लागले.

तो आला त्या दिवशीची गंमत आमच्या घरात अजून सांगतात. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच बसल्या होत्या. अक्का धुळ्याकडच्या. अहिराणीशिवाय दुसरी भाषा त्यांनी कधी तोंडी येऊ दिली नाही. मी सावद्याची, आमच्या माहेरचं 'मले-तुले' निराळं, त्यामुळे लग्नानंतर सासूचं बोलणं समजायला मलाच वेळ लागला होता. तिथे या पोराची काय कथा!

"नाव काय शे तुनं?" अक्कांनी विचारलं.

"समीर."

"मंग आपलाच शे ना! परदेशी कसाना?"

त्याला यातलं काही कळलं नाही. त्याने कपाळाला आठी घालून विचारलं, "शू?"

अक्कांनी लगेच हात करून दाखवलं, "मांगे शे, त्या बाजूले. जाय पटकन." बिचारा मागच्या दारी जाऊन परत आला. अक्का पुन्हा काहीतरी बोलल्या, तो पुन्हा म्हणाला, "शू?" अक्कांनी पुन्हा मागे पिटाळलं. असं आणखी एकदा झाल्यावर त्या मला आत येऊन काळजीने म्हणाल्या, "पोऱ्याले साखर शे का ते इचार." मग उलगडा झाला, की त्याच्या बोलीत 'शू' म्हणजे 'काय?' एवढंच. तो बापडा फक्त 'काय म्हणालात' असं विचारत होता. आमचे हे हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. समीरला अर्थ सांगितला तेव्हा तो लाजून लाल झाला, आणि नंतर मुद्दाम अक्कांसमोर 'शू' म्हणायला लागला.

त्याच्या नावाचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे समीर म्हणजे वारा. त्याच्या भाषेत समीर म्हणजे दिवस मावळल्यावर गप्पांना सोबत करणारा माणूस. ते ऐकून मला फार बरं वाटलं. कारण तसा तो होताच. संध्याकाळी कॉलेजातून आला की हातपाय धुऊन ओसरीवर अक्कांच्या खाटेशेजारी बसायचा. अक्का लसूण सोलायच्या, तो सोललेल्या पाकळ्यांचा ढीग करायचा. त्यांच्या गप्पा कोणत्या भाषेत चालायच्या ते विचारू नका. पहिल्या वर्षी हातवारे, दुसऱ्या वर्षी तोडकंमोडकं, आणि मग एके दिवशी तो आपल्या सरांना म्हणाला, "सर, बठ्ठं काम व्हई गयं." म्हणजे, सगळं काम झालं. सर साताऱ्याचे. त्यांना वाटलं हा अरबी बोलतोय, म्हणून त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. प्रमाण मराठी मी शिकवली, पण त्याच्या तोंडात बसली ती अक्कांची.

सगळं काही गोडच होतं असं नाही. कॉलनीत कुजबुज झाली. परदेशी, त्यातून असा, आणि तुम्ही खुशाल वर ठेवला? समोरच्या वहिनींनी तर मला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते ना, लाइट बिलाची. पोरगा दिवसभर पंखा लावून बसतो." पुढे त्याच वहिनींच्या केळीच्या रोपांना कसला करपा पडलाय ते बघायला त्या समीरलाच बोलवायला लागल्या. माणसाचं असंच आहे, गरज पडली की भीती पळते.

खरं तर त्याची भीती वाटावी अशी एकच सवय त्याला होती. रस्त्यात गणवेशातला माणूस दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा, ओळखपत्र काढायला. वाहतुकीचा शिपाई दिसला तरी. मी एकदा म्हटलं, "अरे, तो हेल्मेटवाल्यांना धरतोय, तू तर पायी चालला आहेस." तो ओशाळून हसला. म्हणाला, "ताई, इथे वर्षातून एकदा कागद बघतात आणि वर चहा पाजतात. तिथे माझ्याच गल्लीत शिरताना दाखवावे लागतात." हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आपण पाण्याची वेळ सांगतो तसं सांगितलं.

गावाबद्दल बोलायला लागला की पोरगा खुलायचा. दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, इतक्या जुन्या की पायरी मधोमध झिजून बशीसारखी झालेली. वेशीपाशी खेड्यांतून आलेल्या बायका जमिनीवर फडकं टाकून द्राक्षाची पानं, अंजीर आणि चहात टाकायचा पाला विकतात, आणि भाव पाडून मागितला तर गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरतात. लांबट कड्याच्या आकाराचे, तिळाने माखलेले पाव गाडीवर रचून सकाळी पोरं ओरडत जातात. त्यांच्याकडे पाऊस थंडीत पडतो. आमचा कोरडा, कडक उन्हाचा हिवाळा बघून तो पहिल्या वर्षी चक्रावलाच होता. आणि एकाच गल्लीत तीन धर्मांच्या प्रार्थनांचे आवाज, तेही एकमेकांवर चढलेले. "झोप कशी लागते रे?" मी विचारलं. "ते थांबले की जाग येते," तो म्हणाला.

अक्कांना त्या गावात एकाच गोष्टीत रस होता. "तुना गावमा भांडन कसानं शे?"

समीर जरा विचार करून म्हणाला, "घरांचं. जमिनीचं."

"आनि भांडतंस त्या कोन शेतस?"

तो म्हणाला, दोघंही म्हणतात, आमचा मूळपुरुष एकच. अक्कांनी लसणाची पाकळी सुपात टाकली. "मंग भाऊबंदकी म्हन ना सरळ!"

मी हसले, समीरला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. तो बराच वेळ तो शब्द घोळवत राहिला, भाऊबंदकी, भाऊबंदकी. मला मात्र भूगोलाच्या बाईला न शोभेल असा राग आला, शब्दाचाच. आमची भाऊबंदकी बांधावरून सुरू होते आणि तहसील कचेरीत म्हातारी होते. तिच्यात शिव्या असतात, कुऱ्हाडीही असतात कधीकधी, पण एका बाजूला आख्खं सैन्य नसतं. शब्द तोकडा होता. तरी त्याला तो आवडला, कारण म्हणे, कोणीतरी पहिल्यांदाच त्याच्या गावचं भांडण घरातल्या शब्दात सांगितलं.

मग हिवाळा यायचा आणि भरितावरून आमचं जागतिक युद्ध जुंपायचं. वांगं भाजून ठेचायचं, इथपर्यंत त्यांचं आणि आमचं जमायचं. पुढे वाटा फुटायच्या. तो त्यात लिंबू पिळायचा, लसूण कच्चाच घालायचा, आणि संक्रांतीसाठी आणलेले माझे तीळ वाटून त्याची लोण्यासारखी पेस्ट वर ओतायचा. मिरची नाही! अक्कांनी एक घास घेतला, बोट चाटलं, माझ्याकडे बघितलं. "हाई भरीत शे का आजारी मानूसनं जेवन?" पण ताटात काही उरलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमचं भरीत खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाक वाहायचं, आणि तो हात पुढे करायचा, "अक्का, आखो." आणखी.

त्या शेवटच्या हिवाळ्यात त्याचं संशोधन संपलं होतं. इथल्या एका कंपनीत, केळीची रोपं तयार करण्याच्या कामावर, त्याला घ्यायला लोक तयार होते. पगार चांगला, काम आवडीचं. दुसऱ्या बाजूला होतं कुद्समधलं घर आणि त्यात एकटी आई. वडील गेलेले. बहीण लग्न होऊन अम्मानला गेली आणि तिचा हक्क गेला तो गेलाच. आता घराला वारस म्हणून उरला हा एकटा, आणि बाहेर राहून राहून त्याचीही मुदत भरत आली होती. शेजारच्या म्हाताऱ्याचं उदाहरण तो सांगायचा. म्हातारा वारला, मुलं परदेशात, घर बंद. मुलं आली तोवर आत दुसरीच माणसं राहायला आली होती आणि दाराशी बंदूकवाले पहारेकरी. आई फोनवर 'ये' असं कधी म्हणायची नाही. ती फक्त विचारायची, काय जेवलास.

मला तो इथेच राहायला हवा होता. यात लपवण्यासारखं काही नाही. आमचा मुलगा बंगळूरला, त्याचा फोन रविवारी. हा मात्र रोज संध्याकाळी खाटेशेजारी. मनातल्या मनात मी वरच्या खोलीला नवीन रंगही काढला होता. आणि मला पक्की खात्री होती, की अक्का त्याला सोडायच्याच नाहीत. म्हातारीपुढे त्याचं काही चालायचं नाही. मी निर्धास्त होते.

समीर स्वतः मात्र काही ठरवू शकत नव्हता. एक दिवस म्हणायचा, आईलाच इथे आणतो. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणायचा, ती यायची नाही, आली तर घर गेलंच. यांनी एकदा समजूत घातली, "अरे, घर म्हणजे शेवटी चार भिंती." त्याने यांच्याकडे नुसतं बघितलं, रागाने नाही. हे नंतर मला म्हणाले, मी बोललो ते चुकलंच. मी म्हटलं, बोलण्याआधी विचारत जा.

त्याच सुमारास सावद्याला माझे थोरले भाऊ, नाना, यांनी शेतात भरीत ठरवलं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात जाऊन भरीत खाणं हे लग्नाच्या आमंत्रणापेक्षा मोठं आमंत्रण. आम्ही सगळे गेलो, अक्कांना गाडीत पुढे बसवून. केळीच्या बागेच्या कडेला, शेजारच्या रानातून आणलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग केला होता. त्यावर वांगी मांडली, वर पुन्हा काड्या, आणि दिली काडी लावून. पऱ्हाटी तडतडत पेटते, भसकन मोठी होते आणि लवकर बसते. त्या विझत्या धगीत वांगं आतून शिजतं. वरची साल काळी कोळसा, आतला गर मात्र ओला, धुरकट, हिरवट. सगळा जीव त्या धुराच्या वासात आहे. समीरने डोळे मिटून श्वास घेतला. म्हणाला, त्याच्या आजीच्या खेड्यात ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांवर भाजायचे, तोच वास. नानांना ते पटलं नाही. "पऱ्हाटीचा वास ऑलिव्हले कसा येईन?" पण मग त्यांनीच त्याला जवळ बसवून साल कशी काढायची ते दाखवलं. बोटं पाण्यात बुडवायची, चटका बसायच्या आत ओढायची, आणि ओरडायचं नाही.

लाकडी पात्रात वांगी ठेचणं चालू होतं, कढईत शेंगदाणे आणि लसूण तेलात पडून खमंग होत होते, आणि समीरचा फोन वाजला. आईचा. त्याने चेहऱ्यासमोर धरला, मग आम्हा सगळ्यांवरून फिरवला, धूर दाखवला, वांगी दाखवली. त्यांच्याकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, उम्म समीर, समीरची आई. आमच्या खेड्यातही अमक्याची माय, तमक्याची माय असंच म्हणतात. त्यामुळे अक्कांना ओळख करून द्यावी लागली नाही. "समीरनी माय! कशी शे?" त्यांनी फोन हातातच घेतला. पलीकडे पांढरी ओढणी घेतलेली, रुंद चेहऱ्याची बाई हसत होती. तिने आपल्या स्वयंपाकघरातलं एक वांगं उचलून दाखवलं, छोटं, जांभळं. अक्कांनी आपलं दाखवलं. दोघी हसल्या. मग दोघींनी आपापल्या भाषेत एकदमच बोलायला सुरुवात केली, आणि शपथेवर सांगते, पुष्कळ वेळ कोणाचं काही अडलं नाही.

अक्का म्हणाल्या, "घर दखाड." घर दाखव. समीरने ते आईला सांगितलं. तिने फोन फिरवला. जाड दगडी भिंत, खोल खिडकी, त्याबाहेर अंगणातलं लिंबाचं झाड. पलीकडे शेजारच्या गच्चीवर तारेचं कुंपण आणि झेंडा. पुन्हा आत. टेबल. टेबलावर एकच ताट, धुऊन उपडं घातलेलं. भिंतीशी एक पलंग, स्वच्छ चादर, उशी, पायाशी घडी केलेली रजई. त्या पलंगावर कोणी झोपत नव्हतं हे कोणालाही कळलं असतं. चादरीला एक सुरकुती नव्हती.

"आखो कोन शे घरमा?" अक्कांनी विचारलं.

"कोणी नाही, अक्का."

अक्कांनी फोन त्याच्या हातात दिला. पान मांडलं तेव्हा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी त्यांनी हातात घेतली, पण भरीत नेहमीसारखं मागून घेतलं नाही. नाना विचारत राहिले, "अक्का, तिखट झालं का?" त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. परतीच्या वाटेवर सगळे पेंगले होते. अक्का जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लसूण सोलताना त्यांनी समीरला आपल्या घराची गोष्ट सांगितली. मला ती माहीत होती, पण आमच्याकडे ती कोणी काढत नाही. सासरे गेले आणि आम्ही अक्कांना धुळ्याकडच्या गावाहून जळगावला आणलं. घराला कुलूप लावलं. पुढच्या हंगामात चुलत दिरांनी विचारलं, पडवीत थोडा चारा ठेवू का? ठेवा म्हटलं. मग आतल्या खोलीत. मग जुनं कुलूप गंजलं म्हणून त्यांनी नवीन लावलं. एकदा अक्का गावच्या लग्नाला गेल्या, आपल्या घराच्या दारात उभ्या राहिल्या, तर आतून एक नवी सून बाहेर आली आणि तिने पदर सावरून आदराने विचारलं, "कोनाकडे उन्या तुम्ही?" कोणाकडे आलात? अक्का म्हणाल्या, पाणी पाज. पाणी प्यायल्या आणि परत आल्या. त्यानंतर त्या गावाला गेल्या नाहीत.

"मना घरमा आते त्यासना चारा शे," त्या म्हणाल्या. "बंद घरले मालक नही ऱ्हास रे पोऱ्या. चूल पेटाले पाहिजे. तुनी माय एकली किती दिन पेटाडी?"

समीर ढिगातल्या पाकळ्या एकेक करून सरळ रेषेत लावत बसला. मी आत कणीक मळत होते, दारातून सगळं ऐकू येत होतं. मला अक्कांचा संताप आला. म्हटलं, ज्यांच्या भरवशावर मी होते त्याच उलटल्या. रागाने कणीक इतकी मळली, की यांनी जेवताना पोळ्या मऊ झाल्याचं कौतुक केलं.

आठवडाभरात त्याने कंपनीला नकार कळवला.

आता तो तिथेच आहे, त्याच घरात. एका शाळेत शिकवतो. मुदत संपायच्या आत पोचला, पण म्हणून सगळं कायमचं मिटलं असं नाही. अधूनमधून तपासणीला माणसं येतात, खरंच इथे राहतो का, कपडे आहेत का, फ्रिजमध्ये खायला आहे का ते बघतात. त्यामुळे तो फार दिवस कुठे जाऊ शकत नाही. बहिणीला भेटायलाही गेला तर घाईने परततो. गेल्या काही वर्षांत तिकडे जे घडलं ते आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं. त्या दिवसांत अक्का बातम्या लागल्या की आवाज बंद करायला लावायच्या, चित्र मात्र चालू. का ते मी विचारलं नाही. त्याचा फोन आला की त्या बोलतात ते वांग्यांवर, पावसावर, आईच्या गुडघ्यांवर. 'कधी येशील' असं मी दोनदा विचारून बसले. अक्कांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.

आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण तो निघाला त्या सकाळी मी दारातच उभी होते.

संक्रांत नुकतीच झाली होती. रिक्षा फाटकाशी थांबलेली, हे बॅगा चढवत होते. समोरच्या वहिनींनी तिळाचे लाडू बांधून दिले होते. समीर माझ्या पाया पडला, मी त्याला धड उठवूही शकले नाही, डोळ्यांपुढे सगळं पाणीच होतं. मग तो अक्कांसमोर वाकला. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. अशुभ असतं ते. 'येतो' म्हणायचं. अहिराणीत, येस. बाजारात भाजी आणायला जाणाऱ्यानेही 'जातो' म्हटलं तर अक्का त्याला चपला काढून परत आत बोलवायच्या आणि नीट बोलून मगच बाहेर सोडायच्या. यांना साठीतही बोलणी बसली आहेत. समीरला हे पुरतं अंगवळणी पडलं होतं. त्याने अक्कांचे हात धरले आणि म्हणाला, "येस, अक्का."

"नही," अक्का म्हणाल्या.

त्याला वाटलं आपला उच्चार चुकला. तो जरा मोठ्याने म्हणाला, "येस."

"नही म्हनस ना. येस म्हनू नको. तू आठे येत ऱ्हायना तं तठलं घर जाई." इथे येत राहिलास तर तिथलं घर जाईल. त्यांनी त्याचे हात आणखी घट्ट धरले. "जास म्हन."

रिक्षावाला वळून बघायला लागला. यांच्या हातातली बॅग तशीच राहिली. मी मध्ये पडणार होते, अक्का, असं काय करता म्हणून. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मागे सरले.

"म्हन रे पोऱ्या."

"जास, अक्का," तो म्हणाला.

अक्कांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, आणि रिक्षा सुरू व्हायच्या आतच दार लावून घेतलं.